पट्टी सुटताना: एका ड्रेसिंग रूमच्या प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४, सोमवार

शनिवारी ट्रस्टींची मीटिंग झाली. ड्रेसिंगच्या सामानाचं बिल फुगलंय, त्यात एका कंपनीचा माणूस चांदीच्या (म्हणजे चांदीचा अंश घातलेल्या, जंतू मारणाऱ्या) पट्ट्यांचे नमुने ठेवून गेलाय. प्रश्न साधा: महाग पट्टी घेतली तर जखम लवकर भरते का? डॉक्टर मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सिस्टर, तीन महिने नोंदी ठेवा, मग बोलू." म्हणजे काम माझ्या गळ्यात.

आमचा दवाखाना लालबागचा. ड्रेसिंग रूममध्ये मी अकरा वर्षं. येणारी माणसं ठरलेली: बाइकच्या सायलेन्सरला पोटरी चिकटलेली डिलिव्हरीची पोरं, वड्याच्या तेलाने हात भाजलेले, चहा अंगावर सांडलेली मुलं, आणि साखरेच्या आजाराचे पाय. त्या पायांना तारीख नसते, ते येतच राहतात. कपाटात गॉज (जाळीदार सुती कापड), गॅमजी (कापूस भरलेली जाड पट्टी), बीटाडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम आणि आम्ही इथेच बनवतो तो व्हॅसलीन गॉज, म्हणजे जखमेला चिकटू नये म्हणून व्हॅसलीन मुरवलेला गॉज.

मॅडमची अट: रुग्णाच्या अंगावर फक्त त्या लिहून देतील तेच. बाकीचे प्रयोग टेबलावर. माणसांवर करायचे तर नैतिक समितीची परवानगी लागते, आणि ती आपल्यासारख्या दवाखान्याने गृहीत धरायची गोष्ट नाही.

३ जुलै

आमचं छापील रजिस्टर उघडून बसले. रकाने: नाव, वय, जखम कुठे, ड्रेसिंग केलं. शेवटच्यात बरोबरची खूण. अकरा वर्षं मी त्या खुणा करतेय. पट्टी लावल्याची नोंद आहे, काढल्याची कुठेच नाही. रुग्ण ओरडतो तो मात्र काढताना.

म्हणून शंभर पानी वही आणून चार रकाने आखले: सोडवायला किती मिनिटं, सलाइन (निर्जंतुक मिठाचं पाणी) किती लागलं, रक्त आलं का, दुखणं ० ते १० मध्ये किती. लहान मुलांना आकडा विचारून उपयोग नाही, त्यांचं तोंड, पाय आणि रडणं बघून लिहायचं.

मामांना (आमचे ड्रेसर, माझ्याआधीपासून इथे) हे पटलेलं नाही. त्यांचं शास्त्र असं की एक-दोन-तीन म्हणून झटक्यात ओढलं की कमी दुखतं. "कोणाला?" मी विचारलं. मामा हसले, उत्तर दिलं नाही.

८ जुलै, सोमवार

रात्री एकपासून पाऊस. सकाळी सातपर्यंत काही भागांत ३०० मिलिमीटरच्या वर पडला म्हणे. लोकल बंद, मी परळपर्यंत चालत. दिवसभरात सातच रुग्ण.

त्यातला एक सिक्युरिटी गार्ड. अंगठ्याची जखम, वर आमचीच पट्टी, पट्टीवर दुधाची पिशवी रबराने बांधलेली. गुडघाभर पाण्यातून आला होता. पिशवी काढली तर आत पाणी, आणि जखमेभोवतीची कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली, कपडे धुऊन उठलेल्या बाईच्या बोटांसारखी. जखम ओली असावी हे खरं, पण जखमेची कड ओली नसावी, हा फरक पुस्तकात वाचून कळत नाही. तो पाय बघून कळतो.

सलाइनने धुतली, कड कोरडी केली, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं विचारलं. जखम असताना साचलेल्या पाण्यातून आलेला माणूस म्हणजे लेप्टोची, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या तापाची भीती; ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून डॉक्सिसायक्लीन घ्यायचं असतं. मॅडमनी फोनवरून लिहून दिलं. वहीत: सोडवायला १ मिनिट, रक्त नाही, दुखणं २. पट्टी इतकी भिजली होती की आपोआप गळून आली. वहीचा पहिला धडा असा की आकडा चांगला आणि जखम वाईट, असंही होतं.

११ जुलै

सफाईचा दिवस. पेरॉक्साइड ओतलं की फेस येतो आणि रुग्णाला वाटतं काहीतरी होतंय. होतं ते असं की नवीन उगवणाऱ्या पेशीही मरतात. १९८५ मध्येच प्रयोगशाळेत दाखवलं गेलं होतं की ३ टक्के पेरॉक्साइड, १ टक्का पोव्हिडोन आयोडीन (बीटाडीनमधलं औषध), ०.५ टक्के हायपोक्लोराइट आणि ०.२५ टक्के ॲसिटिक ॲसिड, चौघंही फायब्रोब्लास्टना, म्हणजे जखम भरून काढणाऱ्या पेशींना मारतात. माझं ट्रेनिंग झालं तेव्हा जखम धुवायच्या युसॉलच्या बाटल्या रांगेने असायच्या. एडिनबर्गमध्ये १९१५ साली, पहिल्या महायुद्धात निघालेलं चुन्याचं द्रावण, आणि आम्ही ते साखरेच्या पायांवर रोज ओतायचो. सडलेल्या जखमेवर दोन दिवस ठीक, लालबुंद भरून येणाऱ्या जखमेवर नको, एवढं तारतम्य कोणी शिकवलं नव्हतं.

पेरॉक्साइडची बाटली आजपासून ड्रेसिंग ट्रॉलीवरून खाली. बीटाडीन जखमेच्या भोवती, आत नाही. मॅडमनी खास लिहून दिलं तर वेगळं.

मग पाणी की सलाइन? पिण्यालायक नळाच्या पाण्याने धुतलेल्या जखमा सलाइनने धुतलेल्यांपेक्षा जास्त पिकत नाहीत, हे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलेलं आहे. पण ते नळाचं पाणी. आमचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, आणि टाकी शेवटची कधी धुतली हे सोसायटीच्या सेक्रेटरींनाही आठवत नाही. म्हणून उकळून गार केलेलं. घरी ड्रेसिंग करणाऱ्यांनाही तेच सांगतो: पिंपातलं नको, उकळलेलं, झाकून गार केलेलं, त्याच दिवसाचं.

कपाटात सलाइनची एक अर्धी बाटली सापडली, वर तारीख नाही. कोणाची विचारलं तर सगळे भिंतीकडे बघायला लागले. ओतून टाकली. उघडलेली बाटली चोवीस तासांच्या पुढे नाही, हे मार्करने कपाटावर लिहिलं.

१६ जुलै

बहिणीचा मुलगा एम. फार्म. करतो, त्याला पकडलं. त्याच्या कॉलेजात तिसऱ्या दशांशापर्यंतचा काटा आणि ३७ अंशांची पेटी आहे. दुपारभर शोषण्याची चाचणी. पद्धत युरोपीय मानकाची: लिटरभर पाण्यात ८.२९८ ग्रॅम मीठ आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे जखमेच्या स्रावासारखं पाणी. पाच बाय पाच सेंटिमीटरचा तुकडा, त्याच्या वजनाच्या चाळीसपट द्रावण, ३७ अंशांवर अर्धा तास, मग एका कोपऱ्याला धरून तीस सेकंद टांगायचा आणि वजन करायचं.

"मावशी, हलवू नकोस ना."
"अरे, हात आहे माझा, स्टँड नाही."

आमचा आठ पदरी गॉज कोरडा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, ओला पाच ग्रॅमच्या जरा खाली. कंपनीच्या माणसाच्या नमुन्यांतली अल्जिनेटची पट्टी समुद्री शेवाळापासून करतात. ती वजनाच्या मानाने गॉजच्या जवळजवळ दुप्पट प्यायली, आणि पिताना तिचे धागे विरघळून जेली झाली. आतलं कॅल्शियम बाहेर, बाहेरचं सोडियम आत, त्यामुळे. द्रावणात दोन्ही मीठं का घालतात ते तेव्हा समजलं. नुसत्या पाण्यात हा खेळ दिसलाच नसता. व्हॅसलीन गॉज जवळपास काही पीत नाही. त्याने पिऊ नयेच, भोकांतून वरच्या गॅमजीत जाऊ द्यावं.

२० जुलै

आज फजिती. सुटण्याची चाचणी करायची होती. काचेच्या बशीत जिलेटिनचा थर म्हणजे जखम, त्यावर पट्टी, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी कडेला चिमटा लावून सामान तोलायच्या छोट्या स्प्रिंगच्या काट्याने ओढायचं. सकाळी साधा गॉज असा सुटला की जणू बटर पेपर. सगळ्या पट्ट्यांचे आकडे सारखे. मी म्हटलं, बघा, मामा उगाच बदनाम झाले.

भाचा गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, जिलेटिन वाळलंच नाहीये." बरोबर. जुलैतली मुंबई, बंद खोली, पापडसुद्धा मऊ पडतो तिथे जिलेटिन काय वाळणार. आणि माणसाचं अंग? ते ३७ अंशांवर असतं, वर पंखा असतो, स्राव वाळतो. पावसाळ्याने आम्हाला खोटं उत्तर दिलं होतं.

२३ जुलै

पेटीत ठेवून पुन्हा. साधा गॉज ओढताना काटा वर वर गेला आणि जिलेटिनचा थरच उचलून आला, गॉजच्या विणीचे चौकोन त्यावर उमटलेले. नवीन कातडी अशीच उचलून येत असणार. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवर दाखवलं होतं की पॉलिथिनखाली झाकलेली जखम उघड्या, खपली धरलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते. साठ वर्षं झाली तरी माझे निम्मे रुग्ण विचारतात, "सिस्टर, मोकळी ठेवू का, वारा लागू दे?"

व्हॅसलीन गॉजचे आकडे मात्र विचित्र. एक तुकडा फुलासारखा सुटतो, दुसरा साध्या गॉजसारखा चिकटतो. तीनदा केलं, तेच. भाचा म्हणतो माझ्या हाताची चूक. मी म्हणते काट्याची.

४ ऑगस्ट, रविवार

उद्यापासून श्रावण, आज गटारी. कातडीसकट कोंबडीच्या तंगड्या घ्यायला गेले तर दुकानापुढे पाऊण तासाची रांग. "कातडीसकट? आणि तिखट नको?" असं दुकानदाराने दोनदा विचारलं. घरी सांगितलं की ही खायची नाही, तर नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा.

कातडीला चीर देऊन रस्त्यावरची माती चोळली आणि तीन तऱ्हांनी धुतली. मगाने ओतून: वरची माती गेली, चिरेतली तशीच. बाटलीला सुईने भोक पाडून दाबून, जे आम्ही सगळेच करतो: धार येते पण दाब हाताच्या मूडवर. २० मिलीची सिरिंज आणि १८ नंबरची सुई: चीर स्वच्छ. पुस्तकात ३५ मिली सिरिंज आणि १९ नंबर सुईने चौरस इंचाला साधारण ८ पौंड दाब मिळतो असं आहे; आमच्याकडे ३५ ची मिळत नाही. उडतं मात्र भरपूर, माझ्या चष्म्यावर ठिपके. जखमेवर हे करताना गॉगल हवाच. आणि भाजलेल्या जखमेवर हा जोर नको, तिथे हलकी धार पुरते.

तंगड्या मांजरांनाही दिल्या नाहीत. फेकल्या.

१० ऑगस्ट

या शहराने स्वस्त पट्ट्यांवर बरंच काम केलंय, ते वाचून काढलं. परळच्या वाडिया मुलांच्या हॉस्पिटलात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी केली, १९८५ मध्ये छापून आली. साल गॉजवर चिकटवायची, निर्जंतुक करायची, आतली बाजू जखमेकडे. साल जंतू मारत नाही, पण जखम सुकू देत नाही, कारण बटाटा स्वतःचं पाणी ज्या थराने राखतो तोच थर जखमेचं राखतो. २००३ मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातून डॉ. गोरे यांचं केळीच्या पानाचं काम आलं: सालीइतकंच गुणाचं, करायला सोपं आणि कितीतरी स्वस्त. मधाचं सोलापूरचं काम १९९१ चं: १०४ रुग्ण, निम्म्यांना मध, निम्म्यांना सल्फाडायझिन; सातव्या दिवशी मधवाल्या ९१ टक्के जखमा जंतूरहित, दुसऱ्या गटात ७ टक्के. मॅडम म्हणाल्या, "इतका मोठा फरक दिसला की मला तो दुसऱ्या कोणाच्या हातून पाहावासा वाटतो." आणि जखमेवर लावायचा मध म्हणजे स्वयंपाकघरातली बाटली नव्हे, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला.

टेबलावर दोन्ही करून पाहिलं. साली कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडून, त्याने गोणीभर देऊ केल्या. पान माटुंग्याच्या बाजारातून. ऑटोक्लेव्हमधून (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र) पान शेवाळी तपकिरी होऊन निघालं आणि शिरांच्या रेषेत फाटायला लागलं, म्हणून खाली कापड लावूनच ठेवायला हवं. जिलेटिनवरून पान ओढावंच लागलं नाही, बशी उलटी केली आणि पडलं. साल सुटली तीही सहज, पण बटाटा लहान असला की तुकडे जोडत बसावं लागतं, तळहाताएवढ्या जागेला पंधरा मिनिटं.

माझं मत: पान उत्तम आहे. पण रोज आणणं, कापणं, कापडावर लावणं, निर्जंतुक करणं याला एक माणूस लागतो, आणि आमच्याकडे तो माणूस मामा आहेत. ट्रस्टींना "फुकट" दिसेल. मामांचा वेळ कोणी बिलात धरत नाही.

१४ ऑगस्ट

कोलकात्यात हॉस्पिटलातच डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून खून झाला, त्यावरून निवासी डॉक्टरांचा संप, मोठ्या हॉस्पिटलांच्या ओपीडी थंड. सगळी ड्रेसिंगं इकडे. वही कोरी.

२२ ऑगस्ट, गुरुवार

चहाचं पातेलं माझ्याच डाव्या हातावर. मनगटापासून वर आठ-नऊ सेंटिमीटर. आमच्या दवाखान्यातली आया टूथपेस्ट घेऊन धावली. अकरा वर्षं माझ्यासोबत आहे आणि टूथपेस्ट! नळाखाली हात धरला, घड्याळ लावून वीस मिनिटं. रुग्णांना मी हे रोज सांगते, तीन तासांच्या आत केलं तरी फायदा होतो हेही सांगते, पण वीस मिनिटं केवढी असतात ते आज कळलं. सहाव्या मिनिटाला वाटलं पुरे. बर्फ नाही, बर्फाने भाजलेली कातडी आणखी मरते.

दोन फोड. मॅडमनी व्हॅसलीन गॉज सांगितला. सल्फाडायझिन नको म्हणाल्या: १९६८ पासून सगळ्यांच्या हातात बसलेलं मलम आहे, पण अशा वरवरच्या भाजण्याला त्याने उलट उशीर होतो, आणि जखमेवर पांढरट पापुद्रा धरतो तो वेगळाच, खाली खोली किती ते दिसत नाही. मामांनी दोन तुकडे लावले, डब्यातला शेवटचा मनगटाकडे आणि नवा डबा उघडून त्यातला पहिला कोपराकडे.

२४ ऑगस्ट

मामा सोडवायला बसले. मनगटाकडचा तुकडा आला आणि मला कळलंही नाही. कोपराकडचा चिकटलेला. मामा थांबले, माझ्याकडे बघितलं. एक-दोन-तीन म्हणाले नाहीत. सलाइन ओतलं, दहा मिनिटं तसंच ठेवलं, पुन्हा ओतलं. तरी एका कोपऱ्याला रक्ताचा थेंब आला. वहीत स्वतःचंच नाव: १४ मिनिटं, ६० मिली, रक्त होय, दुखणं ६.

एकच हात, एकच चहा, एकच व्हॅसलीन गॉज. फरक फक्त डब्याचा. नवा डबा उघडून पाहिला: वरचे तुकडे कोरडे, बोटाला जेमतेम तेलकट. चिमट्याने तळाचा काढला, तर भोकं बुजलेली, व्हॅसलीनचा थर. गरम करताना व्हॅसलीन पाण्यासारखं पातळ होऊन खाली बसतं आणि तिथेच गोठतं. अकरा वर्षं.

२६ ऑगस्ट

डबा उघडल्याची तारीख आम्ही डब्यावर लिहितोच, जुनी झाकणं ड्रॉवरमध्ये होती. वहीशी ताडून पाहिली. व्हॅसलीन गॉजला "रक्त होय" लिहिलेले दिवस जवळजवळ सगळे डबा उघडल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतले. आणि "बाजूने स्राव बाहेर आला, गादी भिजली" अशा नोंदी डबा संपतानाच्या, कारण तळातल्या तुकड्यांतून स्राव वर जातच नाही. भाच्याला फोन केला: काटा बरोबर होता, तुझी मावशीही बरोबर होती. त्याच्या बश्यांमधले तुकडेही एकाच डब्याचे, वरचे आणि तळातले.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी आणखी एक काढलं: ऑटोक्लेव्हची वाफ व्हॅसलीनच्या आत शिरत नाही, हे निर्जंतुक करायला कोरडी उष्णता हवी, १६० अंश, दोन तास. काचेच्या सिरिंजच्या काळातला हॉट एअर ओव्हन माळ्यावर आहे. खाली काढला, चालतो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती. लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नाही, रुग्ण दुपारच्या आत येऊन जातात. बाजारात केळीच्या पानाचा भाव ऐकून मी नुसतीच पुढे गेले.

भांड्यांच्या दुकानातून स्टीलचे चार चपटे डबे आणले. खोल डब्यात चाळीस तुकडे घालायचो, यात दहाच. ओव्हनमधून काढल्यावर निम्मं गोठलं की डबा एकदा उलटा करायचा. फार लवकर केलं तर झाकणातून गळतं, पहिल्याच खेपेला ओटा तेलकट झाला. पाव तास थांबून केलं तेव्हा वरचा आणि खालचा तुकडा बोटांना सारखा लागला. जिलेटिनवर सहा तुकडे ओढले, सहाही सुटले.

२१ सप्टेंबर

विसर्जनाच्या गर्दीतले पाय संपत आले. चपट्या डब्यांचे दोन आठवडे झाले: व्हॅसलीन गॉजची एकोणतीस ड्रेसिंगं, "रक्त होय" दोनदा, आणि दोन्ही वेळा रुग्ण सहा दिवसांनी उगवला होता. मोजणी छोटी आहे आणि मोजणारी मीच, हे ट्रस्टींना आधीच सांगणार.

मागणी लिहिली: अल्जिनेट थोडं, फक्त फार वाहणाऱ्या पायांसाठी, मॅडमच्या सहीने. चांदीच्या पट्ट्या आत्ता नको. पेरॉक्साइड बंद. २० च्या सिरिंज जास्त, गॉगल दोन. सलाइनच्या मोठ्या बाटल्यांऐवजी १०० मिलीच्या, म्हणजे उरून पडणार नाहीत. छापील रजिस्टरच्या पुढच्या छपाईत "सोडवताना" हा रकाना.

मामांनी प्रत्येक चपट्या डब्याच्या झाकणावर मार्करने बाण काढलाय आणि खाली लिहिलंय, "पाव तासाने उलटा". अक्षर वाईट आहे, पण लांबून वाचता येतं.